मुख्याध्यापक व्हायचे असेल तर आधी हजेरीपट वाचायला शिका

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टीईटीबाबत निकाल दिला. अल्पसंख्याक संस्थांचा मुद्दा न्यायालयाने वेगळा ठेवला. बाकी शाळांत पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची पाच वर्षांहून जास्त सेवा उरली आहे त्यांनी दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे, आणि पदोन्नती हवी असेल तर परीक्षा कुणालाच चुकणार नाही, असा त्याचा आशय. तेव्हापासून शिक्षक असलेल्या आमच्या मित्रमैत्रिणींचे बोलणे गुण आणि तारखांभोवतीच फिरते आहे. परीक्षा द्यावी लागेल, ती द्यावीच. पण उद्या मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसल्यावर जो प्रश्न समोर येईल, त्याला चार पर्याय नसतील. सहावीतल्या मुली ठरावीक दिवशीच शाळेत का नसतात?

अशा प्रश्नाचे उत्तर शोधण्याची रीत डी.एड., बी.एड.च्या अभ्यासक्रमात आहे. तिचे नाव कृतिसंशोधन. प्रत्येकाने ते 'केलेले' असते, म्हणजे बहुतेक वेळा फाईल जमा केलेली असते. समस्या, कारणे, उद्दिष्टे, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, निष्कर्ष. गावाचे नाव बदलले की तीच फाईल पुढच्या वर्षी चालते. झेरॉक्सच्या दुकानात तयार फाईल मिळते हे आम्ही पाहिले आहे. या फाईलमध्ये प्रत्येक उपक्रम यशस्वी झालेला असतो, आणि 'कारणे' या मथळ्याखाली ठरलेली तीन वाक्ये असतात: पालक निरक्षर आहेत, व्यसनाधीन आहेत, मुलांच्या शिक्षणाबाबत उदासीन आहेत. ही वाक्ये कोणत्या वस्तीबद्दल लिहिली जातात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

कृतिसंशोधनाचा उगम मात्र याच्या नेमक्या उलट टोकाला आहे. नाझी राजवट आल्यावर १९३३ मध्ये जर्मनी सोडावी लागलेले ज्यू मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये अमेरिकेत एक निबंध लिहिला. त्याचा विषय होता कृतिसंशोधन आणि अल्पसंख्याकांचे प्रश्न. भेदभावाचा नुसता अभ्यास करून पुस्तके निघतात, तेवढ्याने भागत नाही. आधी परिस्थिती तपासावी, कृती करावी, परिणाम मोजावा आणि मग पुढचे पाऊल ठरवावे, हा त्यांचा आग्रह होता. पुढे १९५३ मध्ये स्टीफन कोरी यांच्या पुस्तकाने ही पद्धत शाळेच्या कामात रुजवली. कोरी कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात होते. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब शिकले ते हेच कोलंबिया.

बाबासाहेबांनी हा शब्द वापरला नसेल, पण हजेरीपट कसा वाचायचा हे त्यांनी दाखवून दिले होते. महाडच्या सत्याग्रहाच्या आठवडाभर आधी, १२ मार्च १९२७ रोजी, मुंबई विधिमंडळात त्यांनी आकडे मांडले. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर १०० मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त १८ पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. त्यांनी पालकांना दोष दिला नाही. शाळेत आलेले मूल कायमचे साक्षर होईपर्यंत शाळेत टिकेल एवढा खर्च करा, अशी मागणी त्यांनी सरकारकडे केली.

आता आपला सहावीचा वर्ग घेऊ. समजा, तीन महिन्यांचा हजेरीपट वारानुसार मांडला आणि मुलामुलींची हजेरी वेगळी मोजली. गैरहजेरी मंगळवारी वाढते, आणि मंगळवार हा बाजाराचा दिवस आहे असे दिसले. घरी जाऊन विचारल्यावर कळते की आई पहाटेच भाजी घेऊन बाजाराला जाते आणि धाकट्या भावाला सांभाळायला मुलगी घरी राहते. म्हणजे इथे उदासीनता नाही, सोय नाही. मग शाळेच्या हातात काय आहे? धाकट्याला त्या दिवशी शाळेत बसू देता येईल. अंगणवाडी ताईंशी वेळेबद्दल बोलता येईल. चाचणी मंगळवारी ठेवायची नाही, एवढे तर नक्की करता येईल. सहा आठवडे हे करून पुन्हा हजेरी मोजायची. फरक पडला नाही, तर तसे लिहायचे आणि दुसरा उपाय करून पाहायचा. फसलेला उपाय प्रामाणिकपणे लिहिणे हेही संशोधनच आहे.

हे काम एकट्याने करायचे नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि ५० टक्के महिला असायला हव्यात. दुर्बल आणि वंचित घटकांतील पालकांना त्यात प्रमाणात प्रतिनिधित्व आहे. पण अनेक ठिकाणी त्यांच्याकडून फक्त सह्या घेतल्या जातात. मंगळवारचे कारण त्या आईला आधीपासून माहीत असते. तिला कुणी विचारलेलेच नसते. विचारताना मात्र भान हवे. वर्गात जात विचारून हात वर करायला लावायचे नाहीत, आणि अहवालात मुलांची नावे द्यायची नाहीत.

आज याची निकड आहे. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार राज्यात २०२३ पासून पुढे आला आहे. पट का घटला, हे शाळेने स्वतः शोधून लिहिले नसेल, तर कार्यालयात फक्त आकडा पोहोचतो आणि निर्णय त्या आकड्यावर होतो. स्थलांतर, रस्ता, शिक्षकाची रिकामी जागा, पंक्तीतला भेदभाव, यांतले काहीच आकड्यात दिसत नाही. शाळा दूर गेली की सगळ्यात आधी मुलींचे शिक्षण थांबते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षक आणि मुख्याध्यापकांसाठी वर्षाला किमान ५० तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. ते तास प्रमाणपत्रांत घालवायचे की आपल्याच शाळेच्या एका प्रश्नावर लावायचे, हे आपल्या हातात आहे. बी.एड. करणाऱ्या आणि पदोन्नतीची वाट पाहणाऱ्या मित्रांना आमचे एवढेच सांगणे आहे की या वर्षी तयार फाईल घेऊ नका. एक वर्ग निवडा, एक प्रश्न निवडा, वस्तीत जा. आणि चळवळीतल्या कार्यकर्त्यांनो, विहारातल्या अभ्यासिकेत येणारी कोणती मुले शाळेत जात नाहीत, याची नोंद आजपासून ठेवा. उद्या समितीच्या बैठकीत ती वही आपल्या आयांच्या हातात असली पाहिजे.