विश्लेषण : जिम ट्रेनर होण्यासाठी परवाना लागत नाही... मग पात्रता ठरवते कोण?

मधुमेह, पाठदुखी, वाढलेले वजन अशा तक्रारी घेऊन जिममध्ये येणाऱ्यांची संख्या वाढत आहे आणि त्यांना व्यायाम शिकवणाऱ्यांची मागणीही. मात्र पर्सनल ट्रेनर होण्यासाठी देशात ना परवाना लागतो, ना ठरावीक पदवी. ही मोकळीक तरुणांना आकर्षक वाटते. पण तिची जोखीम ग्राहकाइतकीच ट्रेनरलाही उचलावी लागते.

मागणी कशामुळे वाढली?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, तर १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करायला हवा. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधील २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये ४९.४ टक्के भारतीय प्रौढांची शारीरिक हालचाल पुरेशी नव्हती. २००० मध्ये हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते.

यामुळे व्यायाम शिकायला येणारा माणूसच बदलला आहे. तालमीतल्या वस्तादापुढे प्रामुख्याने धडधाकट पोरे असत. आजच्या ट्रेनरपुढे रक्तदाबाची गोळी घेणारे पन्नाशीचे गृहस्थ, बाळंतपणानंतर वजन कमी करू पाहणारी महिला किंवा गुडघे दुखणाऱ्या आजीही असतात. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या सेवेवरील जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. मात्र यंत्रसामग्री आणि भाड्यावर भरलेल्या कराची वजावट जिमचालकांना मिळत नसल्याने शुल्क तेवढ्याच प्रमाणात कमी होईल, असे नाही.

खरेच कोणीही ट्रेनर होऊ शकतो?

कायद्याच्या दृष्टीने, होय. ‘पर्सनल ट्रेनर’ ही उपाधी लावण्यासाठी कोणत्याही वैधानिक परिषदेकडे नोंदणी करावी लागत नाही. फिजिओथेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञ यांच्यासाठी संसदेने २०२१ मध्ये संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांचा राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा कायदा केला. जिम ट्रेनर त्यात येत नाहीत. उत्तर प्रदेशच्या महिला आयोगाने २०२४ मध्ये महिलांच्या जिममध्ये महिला प्रशिक्षक असावेत, प्रशिक्षकांची पडताळणी व्हावी, असा प्रस्ताव मांडला. पण तो महिलांच्या सुरक्षिततेपुरता होता, प्रशिक्षकाच्या ज्ञानाविषयी नव्हता.

परिणामी पात्रता ठरवतो तो जिमचा मालक. मोठ्या साखळी जिम प्रमाणपत्र मागतात. गल्लीतल्या जिममध्ये अनेकदा पिळदार शरीर हीच पदवी ठरते. पण स्वतःचे दंड कमावणे आणि दुसऱ्याच्या दुखऱ्या खांद्याला झेपेल असा व्यायाम ठरवणे, ही दोन वेगळी कौशल्ये आहेत.

प्रमाणपत्र कोणते घ्यावे?

येथे नवख्यांचा सर्वाधिक गोंधळ होतो. बी.पी.एड. ही पदवी प्रामुख्याने शाळेतल्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकासाठी आहे. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा पदविका अभ्यासक्रम विशिष्ट खेळाचे प्रशिक्षक घडवतो. जिमसाठी सरकारच्या कौशल्य विकास व्यवस्थेत क्रीडा, शारीरिक शिक्षण आणि फिटनेस क्षेत्राची स्वतंत्र कौशल्य परिषद आहे. तिच्या अंतर्गत ‘फिटनेस ट्रेनर’ ही पात्रता मिळवता येते. याशिवाय ‘एसीई’, ‘एनएएसएम’, ‘एसीएसएम’ या अमेरिकी संस्थांची प्रमाणपत्रे भारतातही ओळखली जातात. खासगी अकादम्याही आहेत. त्यांचे शुल्क काही हजारांपासून लाखाच्या घरात जाते.

शुल्क जास्त म्हणून अभ्यासक्रम चांगला, असे नाही. प्रत्यक्ष परीक्षा होते का, शरीररचना आणि सांध्यांच्या हालचाली शिकवतात का, मधुमेह वा उच्च रक्तदाब असलेल्यांसाठीच्या व्यायामाचा भाग आहे का आणि ठरावीक काळाने प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते का, हे चार प्रश्न विचारले की दोन दिवसांच्या कार्यशाळेचे रंगीत प्रमाणपत्र आणि खरे शिक्षण यांतला फरक उघडा पडतो.

उत्पन्नाचे गणित कसे?

सुरुवात बहुधा ‘फ्लोअर ट्रेनर’ म्हणून होते. ठरावीक पगारावर सर्व सदस्यांकडे लक्ष द्यायचे, यंत्रे दाखवायची, वजने जागेवर ठेवायची. पर्सनल ट्रेनिंग, म्हणजे जिमच्या भाषेत ‘पीटी’, त्यानंतर सुरू होते. त्याच्या शुल्कात जिम आणि ट्रेनर यांचा वाटा असतो.

समजा, एका ग्राहकाने महिन्याच्या १२ सत्रांसाठी १० हजार रुपये भरले आणि वाटा निम्मा-निम्मा ठरला. असे ८ ग्राहक असतील तर ट्रेनरला ४० हजार रुपये मिळतील. त्यासाठी महिन्याला ९६ सत्रे, म्हणजे २६ दिवसांच्या हिशेबाने रोज जवळपास ४ सत्रे घ्यावी लागतील. त्यातले ३ ग्राहक थांबले की हाती येतील २५ हजार. जानेवारीत संकल्पवाल्यांची गर्दी असते, तर मे महिन्यात, गणपतीत आणि दिवाळीत अनेक जण गावी जातात. घरभाडे मात्र दर महिन्याला तेवढेच.

कामाची वेळही तुटक असते. ग्राहक ऑफिसच्या आधी आणि नंतर येतात. त्यामुळे दिवस पहाटे सुरू होऊन रात्री दहाला संपतो आणि दुपार मोकळी जाते. केवळ वाट्यावर काम करणाऱ्याला अनेकदा भविष्य निर्वाह निधी वा पगारी रजा नसते. ही असुरक्षितता करोनाकाळात उघड झाली. मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या जिम महाराष्ट्रात थेट २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी उघडल्या. सत्रे नाहीत म्हणजे उत्पन्न नाही, अशी स्थिती सात महिने होती.

जिममध्ये कोणी कोसळले तर?

अभिनेते पुनीत राजकुमार यांना ऑक्टोबर २०२१ मध्ये व्यायामानंतर अस्वस्थ वाटू लागले आणि त्यांचे निधन झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये विनोदी कलाकार राजू श्रीवास्तव दिल्लीत ट्रेडमिलवर कोसळले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अभिनेते सिद्धांत सूर्यवंशी मुंबईत जिममध्ये कोसळून दगावले. अशा घटनांचे कारण केवळ व्यायाम, असे म्हणता येत नाही. हृदयाचा आजार आधीपासून लपलेला असू शकतो. पण त्या क्षणी सर्वांत जवळ उभा असतो तो ट्रेनर.

म्हणूनच दोन गोष्टी अत्यावश्यक ठरतात. पहिली, नव्या ग्राहकाकडून ‘पार-क्यू’सारखी सात प्रश्नांची आरोग्य प्रश्नावली भरून घेणे. छातीत दुखते का, चक्कर येते का, रक्तदाबाचे औषध सुरू आहे का, असे हे साधे प्रश्न आहेत. एखादे उत्तरही ‘हो’ आले तर आधी डॉक्टरांचा सल्ला. दुसरी, सीपीआरचे प्रत्यक्ष प्रशिक्षण. ‘व्यायाम स्वतःच्या जबाबदारीवर’ अशा कागदावर सही घेतली की जबाबदारी संपते, हा समज चुकीचा आहे. पैसे घेऊन दिलेली सेवा सदोष असल्यास ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते.

पावडर आणि इंजेक्शनची मर्यादा कोणती?

प्रोटीन पावडर हे औषध नाही. ती अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांखाली येते. अॅनाबॉलिक स्टेरॉइड मात्र ‘शेड्यूल एच’मधील औषधे आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. भूल दिल्यावर खालावणारा रक्तदाब वाढवण्यासाठी वापरले जाणारे मेफेंटरमाइन इंजेक्शन जिमला जाणाऱ्या तरुणांना बेकायदा विकणाऱ्यांवर महाराष्ट्रात पोलिसांनी कारवाई केली आहे.

नव्या ट्रेनरची खरी परीक्षा येथे होते. पगार तुटपुंजा, ग्राहकाला तीन महिन्यांत ‘बॉडी’ हवी आणि डबा विकला की कमिशन. अशा वेळी ‘नाही’ म्हणणे महाग पडते. पण इंजेक्शन सुचवणारा ट्रेनर ग्राहकाच्या हृदयाशी खेळतोच आणि स्वतः गुन्ह्याच्या कक्षेत जातो. मधुमेही वा मूत्रपिंडाच्या रुग्णाचा आहार ठरवणे हेही त्याचे काम नाही. तेथे आहारतज्ज्ञाकडे पाठवणे हीच व्यावसायिकता.

या पेशात येताना काय पाहावे?

पहिली एक-दोन वर्षे शिकण्याची मानून, अनुभवी ट्रेनरच्या हाताखाली काम करता येईल अशी जिम निवडणे फायद्याचे. वाटा किती, पैसे कोणत्या तारखेला, ग्राहकाने पैसे परत मागितले तर कोणाच्या खात्यातून, जिम सोडल्यास उरलेल्या सत्रांचे काय, हे लेखी हवे. स्वतंत्र काम करणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. मात्र व्यवहाराच्या नोंदी आणि आरोग्य विमा ही जबाबदारी त्याचीच.

सरकारने उद्या नोंदणी सक्तीची केली तरी ती हजारो विद्यमान ट्रेनरना कशी लागू करायची, हा प्रश्न राहील. तोपर्यंत पात्रतेची पहिली कसोटी ग्राहकाच्या हाती आहे. जो ट्रेनर वजन उचलायला लावण्याआधी आजाराबद्दल विचारतो, त्याला निवडणे. आणि नव्याने येणाऱ्याच्या हाती आहे, तो प्रश्न पहिल्या दिवसापासून विचारणे.