रुग्णालयाची धुलाई जिन्याखाली नको

तालुक्याच्या गावांतून आता वीस-तीस खाटांची रुग्णालये उभी राहत आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. त्यांचे नकाशे पाहिले तर ऑपरेशन थिएटर असते, एक्स-रेची खोली असते, औषधांचे दुकान असते, गाड्या लावायला जागाही असते. बहुतेक वेळा एकच खोली नसते, ती म्हणजे कपडे धुण्याची. इमारत पुरी झाल्यावर तिची आठवण होते आणि मग जिन्याखालचा अंधारा कोपरा तिच्या वाट्याला येतो.

हे बरोबर नाही. स्वच्छ चादर हा पाहुणचाराचा भाग नसून उपचाराचा भाग आहे. चादरींना रक्त, पू, उलटी, लघवी लागते. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेरही दोन-तीन दिवस जगतो. अमेरिकेतील न्यू ऑर्लिअन्स शहरात मुलांच्या एका रुग्णालयात २००८-०९ मध्ये बुरशीच्या संसर्गाने पाच मुले दगावली. तपासात धुऊन आलेल्या, म्हणजे 'स्वच्छ' समजल्या जाणाऱ्या कपड्यांवरच ती बुरशी सापडली. धुणे झाले म्हणजे काम झाले, असे नाही. धुतलेला कपडा कुठे ठेवला आणि कोणत्या वाटेने आणला, यालाही तितकेच महत्त्व आहे.

ही गोष्ट नवी नाही. १८५४ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल तुर्कस्तानातील स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात गेल्या, तेव्हा त्यांनी पाणी तापवण्याचे बंब बसवून कपडे धुण्याची स्वतंत्र व्यवस्था उभी केली. आपल्याकडे परिटाच्या भट्टीत कपडे वाफेवर तापत, त्यामागेही उष्णतेचाच गुण होता. आजच्या सर्वमान्य नियमांपैकी एक असा, की कपडे साबणासह निदान ७१ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात २५ मिनिटे राहावेत. रक्ताचे कपडे मात्र आधी थंड पाण्यातून काढावेत, नाहीतर डाग पक्के बसतात.

आता हिशेब करून पाहू. एका खाटेमागे रोज ३ किलो कपडे धरले, तर ३० खाटांचे ९० किलो झाले. किलोला २० लिटर पाणी धरले, तर रोज १८०० लिटर पाणी लागेल. ३० किलोचे यंत्र घेतले, तर दिवसाला तीन खेपा होतील. एवढे पाणी, ते तापवण्याची सोय, थ्री-फेज वीज, यंत्राचे हादरे सोसणारा पाया आणि एकदम सुटणारे पाणी वाहून नेणारी रुंद मोरी या गोष्टी बांधकामाआधीच ठरवाव्या लागतात. मागाहून फरशी फोडून त्या नीट होत नाहीत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे खोलीला दोन दारे हवीत. एका दाराने मळके कपडे आत यावेत, दुसऱ्याने स्वच्छ कपडे बाहेर जावेत. मधे भिंत असावी आणि दोन्ही वाटा एकमेकींना छेदू नयेत. मोठ्या रुग्णालयांत यंत्रच या भिंतीत बसवतात. एका बाजूने मळके कपडे भरायचे, दुसऱ्या बाजूने धुतलेले काढायचे. लहान रुग्णालयात निदान भिंत तरी घालता येते. पावसाळ्यात कपडे ओलसर राहिले तर बुरशीला आयतेच घर मिळते, म्हणून वाळवण्याचे यंत्र किंवा हवेशीर बंदिस्त जागा हवी. सांडपाणीही उघड्या गटारात न सोडता शुद्धीकरणाच्या टाकीत गेले पाहिजे.

यावर काही डॉक्टर म्हणतील, "एवढा खर्च कशाला? परीट आहे की." पण परिटाच्या घरीही लहान मुले आहेत. रक्ताने भरलेले बोचके त्याने कुठे सोडावे? त्यात चुकून राहिलेली सुई त्याच्या हाताला टोचली तर जबाबदारी कोणाची? बोचके सोडणाऱ्या माणसाला, मग तो परीट असो वा रुग्णालयाचा नोकर, जाड हातमोजे आणि कावीळ-बी व धनुर्वाताची लस मिळालीच पाहिजे. खर्च एकट्याला झेपत नसेल, तर गावातील चार-पाच रुग्णालयांनी मिळून एक चांगली धुलाई उभारावी. परिटांनाच तेथे शिकवून पगारावर घ्यावे. कपड्यांची पारख त्यांच्याइतकी कोणाला आहे?

वाचकांपैकी कोणी रुग्णालयाचे विश्वस्त असतील, कोणी देणगीदार असतील. खोलीवर नावाची पाटी लावण्याआधी त्यांनी नकाशा मागून घ्यावा आणि एवढेच विचारावे : मळकी चादर कोणत्या दाराने जाते आणि स्वच्छ चादर कोणत्या दाराने येते? उत्तर मिळाले नाही, तर आपली देणगी धुलाईच्या खोलीसाठीच द्यावी. त्या पाटीकडे कोणी पाहणार नाही, पण ऑपरेशन झालेला रुग्ण जखम न चिघळता घरी जाईल.