लाटांचा प्रतिध्वनि

दुसऱ्या महायुद्धांत रडार यंत्र चालविणाऱ्यांस एका गोष्टीचा फार जाच होत असे. जहाजाचा माग काढण्यासाठीं समुद्रावर रेडिओलहरी सोडाव्या, तों लाटांकडूनही प्रतिध्वनि येई आणि लहानसें लक्ष्य त्या गलक्यांत लपून जाई. हा अडथळाच पुढें ज्ञानाचें साधन झाला.

न्यूझीलंडमधील शास्त्रज्ञ क्रॉम्बी यांनीं १९५५ सालीं यासंबंधीं आपलें निरीक्षण प्रसिद्ध केलें. त्यांच्या रेडिओलहरींची लांबी सुमारें २२ मीटर होती. समुद्रावर लहानमोठ्या असंख्य लाटा असतां प्रबळ प्रतिध्वनि मात्र एकाच मापाच्या लाटांकडून येत होता, आणि तें माप होतें निम्में, म्हणजे ११ मीटर. असें कां व्हावें? रेडिओलहरीचा कांहीं भाग पुढच्या लाटेवरून परततो, कांहीं तिच्या मागील लाटेवरून. मागील लाटेपर्यंत जाऊन येण्यांत दोन लाटांमधील अंतराच्या दुप्पट वाट पडते. ही वाट रेडिओलहरीच्या एका पूर्ण लांबीएवढी भरली, म्हणजे सर्व प्रतिध्वनि एकमेकांस मिळतात. भजनांत सर्वांचे टाळ एकाच मात्रेवर पडले तर नाद घुमतो, मागेंपुढें पडले तर नुसता गोंगाट होतो, तसेंच हें. स्फटिकांतील अणूंच्या थरांवरून क्षकिरण कसे परततात, हें दाखवून ब्रॅग पितापुत्रांनीं १९१५ चें नोबेल पारितोषिक मिळविलें. त्यांचाच नियम येथें सागरास लागू पडतो.

आगगाडी जवळ येतांना तिची शिटी चढ्या सुरांत ऐकूं येते व दूर जातांना उतरत्या. तद्वत् किनाऱ्याकडे येणाऱ्या लाटांचा प्रतिध्वनि किंचित् चढा व दूर जाणाऱ्यांचा किंचित् उतरता असतो. त्यांपैकीं कोणता अधिक प्रबळ, यावरून वाऱ्याच्या दिशेचा अदमास बांधतां येतो. शिवाय, ११ मीटर लांबीची लाट खोल पाण्यांत सेकंदास सुमारें ४ मीटर धांवते, हें गणितानें आधींच ठाऊक असतें. प्रत्यक्ष वेग त्याहून कमीअधिक आढळला, तर तो फरक समुद्राच्या प्रवाहाचा! एका रडारास केवळ आपल्याकडे येणारी वा आपल्यापासून जाणारी गतिच कळते. म्हणून प्रवाहाची खरी दिशा जाणण्यास निराळ्या जागीं दुसरें रडार लागतें.

आपल्या देशांत गुजराथ, तामिळनाडू, आंध्र, ओडिशा आणि अंदमान येथील किनाऱ्यांवर अशीं रडारें बसविण्यांत आलीं.

याचा उपयोग काय, असें कोणी विचारील. समुद्रांत होडी उलटून माणूस पाण्यांत पडला, तर कांहीं तासांनीं तो पडल्या जागीं नसतो. प्रवाह व वारा त्यास दूर नेतात. अफाट सागरांत त्याला कोठें शोधावें? प्रवाहाची दिशा व वेग ठाऊक असेल, तर शोधाचें क्षेत्र पुष्कळ आटोपशीर होतें आणि मदत वेळीं पोहोंचण्याची आशा वाढते. घरीं वाट पाहत बसलेल्या माणसांस या शास्त्राची किंमत वेगळी सांगावयास नको.