चौथ्या नंबरवर कोण?

2025 मध्ये ईद-ए-मिलाद आणि शिक्षक दिन एकाच दिवशी आले, 5 सप्टेंबरला. शाळेला सुट्टी. दुपारी आम्ही सगळे यवतमाळला भाईजानच्या घरी जेवायला जमलो होतो. जेवणे झाली, मी आणि भाभी आत खीर वाट्यांत काढत होतो आणि बाहेर बैठकीत पुरुष मंडळींची सभा भरली होती. आधी कापसावरचे आयात शुल्क सरकारने काढले त्यावर अर्धा तास गेला. सगळ्यांची तोंडे उतरली. मग माझ्या धाकट्या भावाने विषय बदलला, "ते जाऊ द्या. करुण नायर गेला. आता चौथ्या नंबरवर कोण?"

झाले. खिरीच्या वाट्या हातातच राहिल्या. (बोलणे अर्थात आमच्या घरच्या बोलीत चालले होते, इथे मराठीत देते.)

ज्या भगिनींच्या घरी हा विषय निघत नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. रणजी करंडकात आपल्या राज्याचे तीन संघ खेळतात : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. आपण विदर्भवाले. कितीतरी वर्षे आपल्या संघाला कोणी मोजत नव्हते. पण 2017-18 मध्ये विदर्भ पहिल्यांदा फायनलला पोचला आणि इंदूरला दिल्लीला हरवून करंडक घेऊन आला. पुढच्या वर्षी परत जिंकला. आणि मार्च 2025 मध्ये केरळविरुद्ध तिसऱ्यांदा. ही शेवटची फायनल नागपूरला जामठ्याच्या मैदानावर झाली आणि संपली 2 मार्चला, म्हणजे पहिल्या रोजाच्या दिवशी. आमचे एक चाचा एसटीतून रिटायर झालेले आहेत. ते अजून सांगतात, की त्या दिवशी इफ्तारीच्या आधीच तोंड गोड झाले होते.

त्या फायनलमध्ये करुण नायरने पहिल्या डावात 86 आणि दुसऱ्या डावात 135 धावा केल्या. पूर्ण रणजी हंगामात 863. हा माणूस मूळ कर्नाटकचा. इंग्लंडविरुद्ध कसोटीत तीनशे धावा करूनही पुढे त्याची भारतीय संघातली जागा गेली, मग कर्नाटकच्या संघातलीही गेली. 2023 मध्ये विदर्भाने त्याला घेतले. दोन हंगाम तो आपल्याकडे खेळला, त्या जोरावर 2025 मध्ये इंग्लंड दौऱ्यावर परत भारताकडून उतरला आणि आता पुन्हा कर्नाटककडे गेला. भाईजान म्हणाले, "पाहुणाच तो. पाहुणा किती दिवस राहणार?"

"पण पाहुण्याची खुर्ची रिकामी झाली ना," धाकटा म्हणाला. "त्यावर कोणाला बसवायचे ते बोला."

बोर्डाच्या नियमाप्रमाणे एका राज्याला बाहेरचे तीन खेळाडू घेता येतात. त्यामुळे पहिला तट पडला तो इथेच. धाकट्याचे म्हणणे, आणखी एक तयार बॅट्समन बाहेरून आणा; दिल्लीचा ध्रुव शोरी आहेच, त्याच्या जोडीला दुसरा. भाईजानचे म्हणणे, काही गरज नाही. यश राठोडने गेल्या हंगामात 960 धावा केल्या, देशात सर्वांत जास्त. त्याला वर पाठवा. दानिश मालेवार आहे, फायनलमध्ये 153 आणि 73, आणि आत्ता दुलीप करंडकात 203.

दानिशचे नाव निघाले की चाचा हमखास खुलतात. फायनलच्या वेळी त्यांनी मोहल्ल्यात सांगितले होते, की आपल्यातल्या पोराने शतक ठोकले. माझ्या भाच्याने तेव्हा दुरुस्ती केली होती, "चाचा, मालेवार आहे तो. मालेवार." चाचा जरा थांबले आणि म्हणाले, "मग काय झाले? नागपूरचाच आहे ना? आपल्यातलाच झाला." मला तर फार आवडले. मी उर्दू शिकवते. दानिश म्हणजे शहाणपण, हा फारसीतून आलेला शब्द. एका मराठी घराने मुलाला हे नाव ठेवले आणि आमच्या चाचांनी पूर्ण विदर्भ आपल्यात घेऊन टाकला.

दुसरा तट पडला वेगवान गोलंदाजीवर. उमेश यादव तेव्हा सदतिशीत होता. ज्या रजनीश गुरबाणीने 2017 च्या सेमीफायनलमध्ये कर्नाटकला पाच धावांनी घरी पाठवले आणि फायनलमध्ये हॅटट्रिक घेतली, तो महाराष्ट्राकडे गेला. नळकांडे, ठाकूर, ठाकरे, भुते आहेत, पण कोण किती सामने फिट राहील याची खात्री कोण देणार? एकमत झाले, की एक चांगला फास्ट बोलर पाहिजेच. विकेटकीपरचा प्रश्न कप्तान अक्षय वाडकरने सोडवलेला आहे, इतका की अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याला निघून गेला. त्यावर माझे मियां उगाच हळहळले. त्यांना अमरावतीचे काहीही गेले की वाईट वाटते, कारण त्यांचे आजोळ तिकडचे.

मग धाकटा म्हणाला, "स्पिनरची मात्र चिंता नाही. डावखुरे स्पिनर तर आपल्याकडे उतू चालले आहेत."

हे खरेच आहे. हर्ष दुबेने 2024-25 च्या हंगामात 69 बळी घेतले. रणजीच्या एका हंगामात इतके बळी आजवर कोणी घेतले नव्हते. पार्थ रेखडे दुसरा. त्याने सेमीफायनलमध्ये मुंबईचे रहाणे, सूर्यकुमार आणि दुबे एकाच षटकात काढले. आणि आपल्या जिल्ह्यातल्या पांढरकवड्याचा अक्षय कर्णेवार. "डावखुरा स्पिनर आता आला तर त्याला सांगा, बाबा, रांगेत उभा रहा," धाकटा हसत म्हणाला. सगळे हसले.

खिरीचा ट्रे घेऊन मी दारात उभी होते. माझी नजर कोपऱ्यात गेली. तिथे भाईजानचा मुलगा बसला होता. सतरा वर्षांचा, अकरावीत. डावखुरा स्पिनर.

धाकट्याच्या हे लक्षातच आले नाही. तो भाच्यावर जीव टाकतो, पहिला लेदरचा बॉल त्यानेच आणून दिला. पण वादाच्या भरात आपण संघ मोजतो तेव्हा माणसे मोजत नाही, जागा मोजतो. एक आहे, दोन जास्त आहेत, एक पाहिजे. आमच्या स्टाफरूममध्ये जूनमध्ये हेच चालते. गणिताला कोण, विज्ञान रिकामे आहे, मराठीला दोन जास्त होतात, एक 'अतिरिक्त' ठरवा. मीही त्या यादीत एकदा होते, म्हणून 'जास्त' हा शब्द मला टोचतो.

पोरगा उठून वाट्या वाटायला लागला. स्वतः खीर घेतली नाही.

त्याची कथा फार मोठी नाही. पोस्टल ग्राउंडवर टेनिस बॉलने खेळायचा, आठवीत लेदर बॉल हातात आला. गेल्या वर्षी तो एका निवड चाचणीला गेला होता. पहाटेच्या गाडीने निघाला, तीन वाजेपर्यंत उन्हात नंबरची वाट पाहिली आणि नंबर लागला तेव्हा सहा चेंडू टाकायला मिळाले. सहा. परत आल्यावर दोन दिवस कोणाशी बोलला नाही. भाभीचे तेव्हापासून ठरले आहे, की बारावी झाली की डी. फार्मसी. भाईजान तिला ऐकवतात, की रणजी खेळणाऱ्या नव्या मुलालासुद्धा दिवसाला 40 हजार मिळतात, चाळीस सामने ओलांडले की 60 हजार. भाभी शांतपणे विचारते, "दिवसाला किती पोरांना?" विदर्भाचे जिल्हे अकरा आणि मैदानात उतरणारी पोरेही अकरा. त्यात पाहुणे. भाभी आठवी शिकलेली आहे, पण हिशेब तिचाच बरोबर येतो.

मगरिबनंतर मी गच्चीवर गेले तर तो तिथेच होता. हातात बॉल, बोटांत फिरवत बसलेला. मी विषय काढला नाही, त्यानेच काढला.

"फुपी, आदित्य सरवटेला केरळला जाताना कसे वाटले असेल?"

आदित्य सरवटे नागपूरचा. डावखुरा स्पिनर. 2019 ची फायनल विदर्भाने सौराष्ट्राविरुद्ध जिंकली ती त्याच्या गोलंदाजीवर, सामन्याचा मानकरी तोच. 2024-25 च्या हंगामात तो केरळकडून खेळला आणि नशीब असे, की फायनल पडली ती केरळ विरुद्ध विदर्भ, तीही त्याच्या जुन्या घरच्या मैदानावर. तिथे आपल्याविरुद्ध त्याने 79 धावा केल्या. म्हणजे केरळसाठी तो पाहुणा होता, जसा आपल्यासाठी करुण. आपण बैठकीत बसून पाहुणा आणावा की नाही यावर वाद घालतो, पण आपल्याही घरातून कोणी तरी दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून गेलेला असतो, ते विसरतो.

मी त्याला वसीम जाफरची गोष्ट सांगितली. त्याला माहीत होती, पण त्याने ऐकून घेतली. जाफर मुंबईचा, वडील बस ड्रायव्हर. भारताकडून 31 कसोटी खेळलेला, रणजीत सर्वांत जास्त धावा ज्याच्या नावावर, असा माणूस उतरत्या वयात विदर्भाकडे आला. 2017-18 च्या हंगामात तो मानधन न घेता खेळला. शिकवणारा माणूस असा फुकट मिळाला, तर आमच्या शाळेत आधी संशयच घेतील. पण त्याच्या शेजारी आपली पोरे उभी राहिली, कप्तान फैज फजलने त्या हंगामात 912 धावा केल्या आणि दिल्लीविरुद्ध विजयाचा चौकार जाफरच्याच बॅटमधून निघाला. पुढच्या हंगामात, चाळिशी ओलांडल्यावर, त्याने 1037 केल्या. माझे मत विचाराल तर पाहुणा आणावा, पण असा. जागा घेतो त्यापेक्षा जास्त ठेवून जातो असा. करुणही तसाच होता का? मला वाटते, होता. दानिशबरोबर फायनलमध्ये तो तासन् तास खेळपट्टीवर उभा होता, ते शिक्षण कोणत्या कॅम्पमध्ये मिळते?

"जाफर बॅट्समन होता, फुपी," पोरगा म्हणाला. "माझ्या रांगेतला नाही."

मग मी कर्णेवारकडे आले. पांढरकवडा आमच्यापासून लांब नाही, तिथून तो नागपूरला गेला. आधी उजव्या हाताने ऑफस्पिन टाकायचा. कोचने पाहिले, की डावा हातही चांगला चालतो, तर डाव्यानेही टाक म्हणाले. आता दोन्ही हातांनी टाकतो, समोर बॅट्समन कोण आहे ते पाहून हात बदलतो. 2021 मध्ये मणिपूरविरुद्ध टी-20 सामन्यात त्याने चारही षटके टाकली आणि एकही धाव दिली नाही. त्याच्या आधी इराणी करंडकात शतक काढले, फेब्रुवारी 2019 मध्ये. त्याच सामन्यानंतर फैजने संघाच्या बक्षिसाची रक्कम पुलवाम्याच्या शहीद जवानांच्या घरी पाठवायचे जाहीर केले होते.

"म्हणजे मी उजव्या हाताने टाकू?" त्याने विचारले आणि दिवसभरात पहिल्यांदा हसला.

"नको. तुझे अक्षर आधीच वाईट आहे."

थोडा वेळ गेला. मग तो जे बोलला ते मी बैठकीतल्या कोणाकडूनही ऐकले नव्हते. म्हणाला, "हर्ष दुबेने नुसते 69 बळी नाही घेतले. 476 धावाही केल्या. म्हणून तो संघातून हलत नाही. अब्बू आणि चाचू चौथ्या नंबरवर कोण ते बोलतात. आठव्या नंबरवर कोण, ते कोणी बोलत नाही. मला बॅटिंग वाढवावी लागेल." आणि जरा थांबून, "अम्मीला सांगू नका. बारावीनंतर फार्मसी करीन म्हणालो आहे, ते करीनच."

मला काय बोलावे सुचले नाही. वर्गात मी रोज मुलांना सांगते, की प्रश्न नीट वाचा. हा पोरगा हसणाऱ्या माणसांच्या मध्ये बसून प्रश्न वाचत होता.

भाभीला मी त्याच्या फार्मसीबद्दल सांगितले, बॅटिंगबद्दल नाही. म्हणजे सांगितले, पण दुसऱ्या दिवशी, फोनवर. ती म्हणाली, "मला माहीत आहे. पहाटे फजरनंतर भिंतीवर बॉल आपटतो, त्याचा आवाज मला येत नाही का?" बंदी घालत नाही आणि परवानगीही देत नाही, असे तिचे चालले आहे. मला तेच बरे वाटते.

हे लिहून होईपर्यंत दुलीपची फायनल होऊन गेली. त्यात यश राठोडने 194 केल्या. भाईजानचा फोन आला, "बघ, चौथ्या नंबरचे मी सांगितले होते." धाकटा अजून मान्य करत नाही. त्याचा फास्ट बोलर बाकी आहे.

रणजी 15 ऑक्टोबरला सुरू होणार होती, पण त्याआधी 1 ऑक्टोबरपासून जामठ्यालाच इराणी करंडक होता, विदर्भ विरुद्ध शेष भारत. 2 तारखेला गांधी जयंती आणि दसरा, दोन्ही एकाच दिवशी, म्हणजे शाळेला सुट्टी. मी पोराला म्हटले, चल, जाऊ. आपली लालपरी वर्ध्यावरून नागपूरला जाताना बुटीबोरी सोडली की स्टेडियम दिसतेच, कंडक्टरला विनवले तर उतरवेलही. त्याने लगेच तिकिटाचा हिशेब केला. मला महिलांच्या सवलतीचे अर्धे, त्याला पूर्ण.

"हा काय न्याय, फुपी?"

आतून माझी मुलगी ओरडली, ती नववीत आहे. "मलाही यायचे आहे! मुलींचा पण संघ असतो, माहीत आहे ना?"

मग ठरले. दोन अर्धी, एक पूर्ण.