ॲसिडची बाटली घरात नको



सफाईकाम करणाऱ्या आपल्या अनेक घरांत मोरीच्या कोपऱ्यात एक बाटली असते. लेबल थंड पेयाचे, आत संडास धुण्याचे ॲसिड. कंत्राटदार मोठ्या कॅनमधून ओतून देतो, उरलेले घरी येते आणि तहानलेले पोर ती बाटली तोंडाला लावते. लोक म्हणतात, नशीब! आम्हाला हे मान्य नाही. दुःखाला कारण असते आणि ते दूर करता येते, ही तथागतांची शिकवण. इथे कारण डोळ्यांसमोर आहे.

असे घडले तर उलटी करवू नका. मिठाचे पाणी पाजू नका, घशात बोटे घालू नका. जाताना जाळलेली अन्ननलिका ॲसिड वर येताना पुन्हा जाळते. लिंबू, सोडा, दूध यांनी उतारा पडत नाही. तोंडाने काहीच देऊ नका. भिजलेले कपडे काढा, अंग पाण्याने धुवा, 108 ला फोन करा आणि बाटली सोबत न्या. आवाज घोगरा झाला, लाळ गळू लागली, श्वासाला आवाज येऊ लागला, तर घसा सुजतो आहे. क्षणही दवडू नका.

तोंडात फोड नाहीत म्हणजे आत काही झाले नाही, असे नसते. किती भाजले हे दुर्बिणीतून, म्हणजे एंडोस्कोपीने कळते; ती शक्यतो 24 तासांत व्हावी. जवळच्या दवाखान्यात सोय नसेल, तर मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवायला सांगा. पोलीस केसचे कारण देऊन कोणी परत पाठवू लागले, तर ठाम राहा: आधी उपचार, मग कागद, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 सालीच बजावले आहे.

खरी फसगत पुढे होते. पेशंट आठवड्यात बरा वाटतो, घरी येतो, मजुरी बुडते म्हणून तपासणी टळते. साधारण तीन आठवड्यांनंतर जखम आक्रसू लागते. आधी भाकरी अडकते, मग भात, मग पाणीही. नळी फुग्याने पुन्हा पुन्हा रुंद करावी लागते. त्यात महिने जातात. म्हणून घास अडकू लागताच रुग्णालय गाठा.

2013 साली सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या खुल्या विक्रीवर बंधने घातली: ओळखपत्र हवे, नोंद हवी, 18 वर्षांखालच्यांना विक्री नको. आपल्या गल्लीतल्या दुकानात यातले काय पाळले जाते, ते आपणच पाहावे. कंत्राटदाराकडे लेबल असलेली, घट्ट झाकणाची बाटली, हातमोजे आणि कामाच्या जागी कुलपाचे कपाट मागावे. एकटीने मागितले तर काम जाते. महिला मंडळाने मिळून मागावे.

कोणी मनस्तापातून ॲसिड प्यायले असेल, तर त्याला दोष देऊ नका. उपचाराइतकाच आधार द्या. 14416 या टेलि-मानस क्रमांकावर मोफत बोलता येते.

येत्या रविवारी वंदनेनंतर प्रत्येकाने घरची मोरी तपासावी. तशी बाटली सापडली, तर ती पुन्हा घरात येऊ देऊ नये.