एकच पाइप? मग फडकं जवळ ठेवा!

ऑफिसात सर्व्हरला बॅकअप हवाच म्हणून भांडणारे आपण, घरच्या रीफ टँकला मात्र एकच ड्रेन पाइप लावतो! "पाणी खालच्या सम्पमध्ये जातंय ना? बास." अहो, एक गोगलगाय त्याच्या तोंडाशी बसली की खेळ खलास. हिशोब करा: टाकी १२० बाय ४५ सेंमी, काठापर्यंत जागा २ सेंमी, म्हणजे जेमतेम ११ लिटर. पंप ताशी २००० लिटरचा. २० सेकंदांत खारं पाणी फरशीवर!

हर्बी पद्धतीत पाइप दोन. एक कायम भरलेला, गेट व्हॉल्व्हने आवरलेला, म्हणून आवाज नाही. दुसरा जरा उंच, कोरडा, बिनव्हॉल्व्हचा, फक्त संकटासाठी. तो 'वाया' जात नाही, राव. कोरडा आहे म्हणजेच सगळं ठीक चाललंय. दिव्यांवर हजारो उडवता, मग एका पीव्हीसी पाइपात कंजुषी कसली?