चिंचोक्यांचा हिशेब

दिवाळीत बडोद्याच्या घरी भावंडं जमली की पोकरचा डाव रंगतो, तोही चिंचोक्यांवर. नव्या भिडूचं ठरलेलं वाक्य: "इतके लावलेत, आता सोडू कसा?"

समजा, टेक्सास होल्डेममध्ये बदामची चार पानं जमलीत, शेवटचं पान उघडायचंय. मध्ये २०० चिंचोके. समोरच्याने आणखी १०० लावले. न दिसलेल्या ४६ पानांत बदामची ९, म्हणजे फ्लश पाचांत साधारण एकदाच. चारदा १०० गेले, एकदा ३०० आले: तोटाच. पॅक करा. त्याने ५०च लावले असते, तर चारदा मिळून २०० जातात, एकदा २५० येतात. तेव्हा जरूर लावा.

आधी लावलेले आता आपले नाहीत. गेलेले परत मिळवायला लावत राहिल्यानेच घरं बुडतात. सोडायला चिंचोक्यांवरच शिका.